माइकपुरतं गाणं

माइक तपासायचा तर नुसतं "हॅलो, हॅलो" करून भागत नाही. पूर्ण आवाजात गाणं लागतं. त्यात मोठ्या गायकाचा गळा शिणू नये म्हणून म्हाताऱ्याला ठेवला होता. गायचं मात्र मोठ्या गायकाचंच, हा नियम.

दुपारी सभागृह रिकामं होतं. मागे ड्रमवर त्याचा जुना जोडीदार ढोल्या बसला होता. तरुणपणी दोघांनी रॉक बँड काढला, तीन रेकॉर्डी केल्या. कुत्रं विचारायला आलं नाही. ढोल्याचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा म्हाताऱ्यानं एक गाणं रचलं होतं. आज ढोल्याला काय लहर आली कोण जाणे, त्यानं त्याच गाण्याचा ताल धरला. म्हाताऱ्याची बोटं गिटारवर गेली आणि तोंड आपोआप उघडलं.

खुर्च्या पुसणाऱ्या बाया हातात फडकी घेऊन उभ्याच राहिल्या.

गाणं संपलं, तशी दारातून टाळी आली. मोठा गायक लवकर पोचला होता.

"काका, काय गाणं आहे हो! कुणाचं?"

ढोल्यानं मान वर केली. म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वाढप्यानंच पानावर बसावं, तसं वाटलं त्याला.

"कुणाचं नाही, साहेब. असंच आपलं, माइकपुरतं."

"कुणाचंच नाही? मग माझं!" गायक हसत मंचावर चढला. "आज सुरुवात ह्यानंच. शब्द सांगा."

म्हाताऱ्यानं सांगितले. थुंकलेलं आता गिळायचं कसं?

"हे 'भाऊ' नको," गायक म्हणाला. "लोक नाचायला येतात, रडायला नाही. 'सखी' करू. चालेल ना?"

"चालेल."

गायकानं ओळ उचलली. आवाज गोडच होता, पण 'सखी'पाशी ताल सांडला. पुन्हा घेतली, पुन्हा सांडला.

"काय अडतंय हो इथं?"

"मला विचारू नका," ढोल्या म्हणाला. काड्या त्यानं मांडीवर ठेवल्या होत्या. "त्याला विचारा. सांग की रे गड्या, काय अडतंय ते."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाठ केली.

"'सखी ग' म्हणा, साहेब," तो म्हणाला. "बसेल."

माइक चालूच होता. रिकाम्या सभागृहात ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.