रिकाम्या ओळी

"शेपूट कापलंत तुम्ही पुस्तकाचं," यज्ञेश्वर आगाशे म्हणाले आणि त्यांनी टॅब टेबलावर पालथा ठेवला.

उल्कानं चष्मा कपाळावर सरकवला. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावरच्या या खोलीत ती पंधरा वर्षं ई-बुकं करत होती, आणि गिऱ्हाइकानं पहिल्याच वाक्यात कौतुक करावं अशी अपेक्षा तिनं पुण्यात कधी ठेवली नव्हती. पण या पुस्तकावर तिचा जीव जडला होता. आगाशेकाकांच्या बायकोच्या, द्वारकाबाईंच्या, शाळेतल्या आठवणी. तीस वर्षं शिकवलेल्या बाईंचा घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, तेव्हा त्या हट्टानं टायपिंग शिकल्या. मार्च महिन्यात लिहिता लिहिता, खुर्चीत बसल्या बसल्याच वारल्या.

उल्कानं प्रत्येक प्रकरणाचं पहिलं अक्षर खडूनं काढल्यासारखं खरबरीत घेतलं होतं. कवितेची लांब ओळ मोबाइलवर मोडली, तरी उरलेला तुकडा खाली जरा आत सरकून नीट बसत होता. अक्षर हवं तेवढं मोठं करा, पान बिघडत नव्हतं.

"बाकी छान आहे," आगाशे तक्रारीच्याच सुरात म्हणाले. "पण शेवटचं प्रकरण पुरं नाही. 'मुली मैदानावरून परत आल्या तेव्हा', बस, इथंच तुटलंय. पुढचं कुठं गेलं?"

"काका, तुमच्या पेनड्राइव्हमध्ये तेवढंच होतं."

"कसं असेल? मला संगणकातलं कळत नाही, पण कान शाबूत आहेत. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. आतून टक टक टक, चालूच. इतकं सलग हिनं महिन्याभरात लिहिलं नव्हतं. म्हटलं, आज तंद्री लागलीये, मध्ये जायला नको. चहा निवला. पुन्हा गरम केला. मग आवाज थांबला, तेव्हा कप घेऊन आत गेलो." त्यांनी टॅब सुलटा करून पुन्हा पालथा ठेवला. "ते शेवटचं मला वाचायचंय हो. त्याच्यासाठीच तर हे सगळं करून घेतलं."

उल्काला वाईट वाटलं आणि रागही आला. लेखकाचा एक कानाही तिनं आजवर हरवला नव्हता. "थांबा, मूळ फाइल उघडते. तुम्हीच बघा."

वयस्कर लेखकांच्या फायली कशा येतात हे तिला पाठ होतं. नव्या पानावर जायचं, तर ही मंडळी पान संपेपर्यंत एंटरचं बटण दाबत राहतात. त्या रिकाम्या ओळींनी ई-बुकात नको तिथं भोकं पडतात. म्हणून पहिल्याच दिवशी, फाइल वाचायच्याही आधी, ती एका झटक्यात सगळ्या काढून टाकायची. द्वारकाबाईंच्याही काढल्या होत्या.

पडद्यावर शेवटचं वाक्य आलं. मुली मैदानावरून परत आल्या तेव्हा. खाली अक्षर नव्हतं. कडेला फक्त एकाखाली एक बारीक खुणा होत्या, दर रिकाम्या ओळीची एक. उल्कानं पान सरकवलं. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही. अशी अकरा पानं गेल्यावर फाइल संपली.

"बघा. काही लिहिलेलंच नाही. नुसतं एंटर दाबलंय. बाईंच्या हातून चुकून..." उल्का म्हणाली, आणि पुढचं तिला म्हणवेना. नवं पान हवं असलेला माणूस वाक्य पुरं करून मग बटण दाबतो.

आगाशे पडद्याजवळ वाकले. "याचा आवाज होतो? या बटणाचा?"

"होतो."

"दाबा."

तिनं दाबलं. टक.

ते सावकाश खुर्चीत बसले. खालच्या दुकानात कोणीतरी स्पीकर तपासून घेत होतं, एकाच गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा.

"हिच्या टेबलावर घंटी असायची," आगाशे म्हणाले. "मला बोलवायला. देवघरातलीच, घरात दुसरी नव्हती. सकाळी पूजेला न्यायची, पूजा झाली की परत ठेवायची, असा आमचा नियम. त्या दिवशी परत ठेवायची राहिली माझ्याकडून."

उल्काला त्यांना पाणी द्यायचं होतं. पण पडद्यावरच्या त्या खुणांवरून तिची नजर हलेना. तिला त्या खुणांचीच भीती वाटत होती.

"परत घाला त्या ओळी," आगाशे म्हणाले.

"काका, लोकांना वाटेल पुस्तक बिघडलंय."

"वाटू दे. होत्या तेवढ्या घाला."

नुसत्या उचलून चिकटवल्या, तर तिचं सॉफ्टवेअर त्या पुन्हा गाळून टाकणार होतं. फापटपसारा ओळखण्यात ते हुशार होतं. एकेक हातानंच घालायला हवी होती. उल्कानं 'तेव्हा' या शब्दापुढं कर्सर नेला, जुनी फाइल शेजारी उघडी ठेवली आणि बटण दाबायला लागली. टक. टक. टक.

आगाशे डोळे मिटून बसले होते. एक पान झालं. दुसरं झालं. उल्काचं बोट दुखायला लागलं, तरी ती थांबली नाही. थांबायचं कसं, हेच तिला कळत नव्हतं.

चौथ्या पानावर आगाशे खुर्चीचे दोन्ही हात धरून एकदम उठले. त्यांचा धक्का लागून टॅब खाली पडला. त्यांनी तो पाहिला नाही. घाईघाईनं ते आतल्या दाराकडं निघाले.

"आलो," ते म्हणाले. "आलो गं."