बारावं बटण

“आवाज चढव रे. चढवल्याशिवाय माणसं हलत नाहीत.”

बापाचं हे वाक्य चाळीस वर्षांमागचं. यंत्रमागांच्या खडखडाटात, कानाशी तोंड आणून ओरडलेलं. आज इस्पितळातल्या या खोक्याएवढ्या खोलीत त्याला ते स्पष्ट ऐकू आलं. खोलीच्या भिंतींना जाड फोम लावला होता. इथे स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटत होता.

उद्या सकाळी त्याचं स्वरयंत्र काढणार होते. गाठ तिथेच होती. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं.

मागावरच्या लोकांनी त्याचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. पाळी सुटल्याचं कारखान्याच्या भोंग्याआधी याच्या ओरडण्यानं कळायचं. मुकादम होता तो. त्या गदारोळात लांबण लावून भागत नसे. दोन शब्द, तेही ठणकावून. तीच सवय घेऊन तो रोज घरी यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, आवाज तेवढा काढून ठेवायचं राहून जायचं.

समोर मायक्रोफोन होता. शेजारी कानांना हेडफोन लावून आवाज टिपणारी मुलगी बसली होती. हातात मावेल असं एक यंत्र तिनं त्याला कालच दाखवलं होतं.

“काका, यात बारा बटणं आहेत. एकेका बटणात एकेक वाक्य, तुमच्याच आवाजात. उद्यापासून बटण दाबलं की हे बोलेल. बाकीचं लिहून दाखवायचं.”

“आमच्या हिला वाचता येत नाही.”

“मग घरात रोज जे बोलता, ते नीट आठवून आणा. बाराच आहेत.”

त्यानं आठवून आणलं होतं. अकरा वाक्यं त्यानं न अडखळता म्हणून टाकली. खोलीच्या काचेच्या खिडकीपलीकडे बाकावर त्याची बायको बसली होती, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन.

“आता एकदा ऐकून घेऊ,” मुलगी म्हणाली. “बाहेरचाही स्पीकर लावते. काकूंना कळायला हवं ना, कुठलं बटण काय बोलतं ते.”

‘पाणी आण.’

बायको बाकावरून उठली. पिशवीत बाटली शोधू लागली.

‘दार लाव.’

बाटली तशीच बगलेत धरून ती दाराकडे वळली.

‘कुठे मेलीस?’

ती जागच्या जागी थबकली. काचेतून आवाज येत नव्हता, पण तिचे ओठ वाचता आले. आले, आले.

‘गप्प बस.’

ती बसली.

मुलीला हसू आवरेना. तिनं बाहेर ऐकू जाणारा माइक सुरू केला. “अहो काकू, यंत्र बोलतंय! काका इथे बसलेत की माझ्याजवळ, तोंड मिटून!”

बायको ओशाळली. तीही हसली, कपाळावर हात मारून घेतला. मग पुढचं वाक्य वाजलं, ‘चहा टाक’, आणि ती पुन्हा उठली.

तो हसला नाही. हुकूम सोडला की तो मान फिरवायचा, त्यामुळे तिचं उठणं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून, दात आवळून ती उठत होती. आणि त्याला ‘नको, राहू दे’ म्हणता येईना, कारण बोलणारा तो नव्हताच. अकरा वाक्यं संपली. अकरा भिंती. आत तो, आत ती. दार ठेवलेलं नव्हतं.

“काका, बारावं काय आहे?”

कागदावर लिहिलं होतं, ‘ऐकू येत नाही का?’ त्यानं त्यावर काट मारली.

“हे सगळं पुसता येतं?”

“येतं. पण नवीन होणार नाही. घसा बघा तुमचा, आवाज फाटायला लागलाय. डॉक्टरांनी वीसच मिनिटं दिली होती. आता फार तर एखादं वाक्य.”

“पुस. अकराच्या अकरा पुस.”

“अहो काका, मग पाणी हवं असेल तर काय करणार?”

“उठून घेईन.”

तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुसलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

“बस गं!” तो म्हणाला.

स्पीकरवर ते ऐकून काचेपलीकडे बसलेली बायको आणखी आखडून बसली.

“काका, हाही हुकूमच झाला.”

“माझं असंच येतं, पोरी. दुसरं येतच नाही.”

“इथे मशिनं नाहीत काका. कुजबुजलात तरी माइक घेतो.” तिनं घड्याळाकडे पाहिलं. “हे शेवटचं हं.”

दिवा पुन्हा लागला. मऊ शब्द शोधायला तो स्वतःच्या आत उतरला. सगळीकडे लोखंड वाजत होतं. अगदी तळाशी, लग्नाच्या पहिल्या वर्षातली एक संध्याकाळ पडून होती. दिवसभर राबून ती भिंतीला टेकली होती, डोळे मिटून. एक प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला होता. पण बाप समोरच बसला होता. तेव्हा गिळलेला तो प्रश्न चौतीस वर्षं तिथेच होता.

त्यानं ओठ मायक्रोफोनच्या जाळीला टेकवले. काचेपलीकडच्या तिच्याकडे बघत तो इतक्या हळू बोलला, की शेजारच्या मुलीनं हेडफोन कानांवर दाबून धरले.

“दमलीस का गं?”