दुसरं कडवं

वसईच्या मैदानात ऑल्विन डाबरे गिटार घेऊन उभा राहिला, तशी सत्तरीच्या मृण्मयीमावशीने भाची इराचा हात घट्ट धरला. ऑल्विनला जाऊन वीस वर्षं झाली होती. त्याच्या जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती बघून बघून यंत्राने त्याला हुबेहूब उभं केलं होतं. कपाळावरचा घामसुद्धा तसाच.

पहिलं कडवं दणक्यात झालं. मग ऑल्विनने माईक लोकांकडे वळवला आणि तो गप्पच झाला. ड्रम तेवढे वाजत राहिले.

"हँग झाला रे!" कुणीतरी ओरडलं. स्टेजमागचा माणूस बटणाकडे धावला.

"बिघडला वाटतं," इरा म्हणाली.

"बिघडला नाही गं. हे कडवं त्याने कधी म्हटलंच नाही. ते आम्ही म्हणायचो."

मावशी खुर्चीला धरून उठली आणि फाटक्या आवाजात गायला लागली. मागून एक थरथरता आवाज आला, मग डावीकडून दोन. बटणावरचा हात थांबला.

कडवं संपलं. ऑल्विनने माईक ओठांशी नेला आणि दरवेळी विचारायचा तेच विचारलं, "आलात ना सगळे?"

मावशीने मैदानभर नजर फिरवली.

"उरलो तेवढे आलोय रे."