डावी बाही

वहिनीची कंबर पाच वर्षं ठणकत होती. गोळ्या हरल्या, पट्टे हरले. शेवटी विणकामाच्या सुया कामी आल्या. टाके मोजू लागली की दुखणं घटकाभर मुकाट बसायचं. नणंदेने हक्काने मागितलेला स्वेटर तिने असाच, उशीला टेकून, तीन महिन्यांत विणला. फक्त डाव्या बाहीची शेवटची ओळ सुईवर होती. माप बघायला तिने तो नणंदेच्या अंगात घातला. आरशासमोर गोल फिरून नणंद हसत म्हणाली, “विणताना बरं दुखत नाही तुझं, वहिनी! भांडी दिसली की कंबर धरतेस.” वहिनीची तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाहीतली सुई उपसली, लोकर धरली आणि ओढली. सरसर ओळी सुटल्या, मनगटापासून कोपरापर्यंत. “वहिनी, वेड लागलंय का?” कमरेत सणकन कळ उठली, तरी ती ओढतच राहिली. “बघा वन्सं, उसवतानाही दुखत नाही!”