सेनापतीला ताप

थोरलीच्या कपाळाला हात लावला आणि आईचं धाबंच दणाणलं. कपाळ तव्यासारखं तापलेलं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघायला जेमतेम तासभर उरलेला, आणि थोरली नाटकातली सेनापती!

पाय मात्र गार लागत होते. ताप चढताना असंच होतं, असं बाबांनी डॉक्टरी थाटात सांगितलं. बाबा बस चालवायचे, पण घरात ते डॉक्टर, वकील आणि वेळ पडली तर न्यायाधीशही असायचे. आत्ता ते एका हातानं कंबर धरून शेकायची पिशवी शोधत होते. या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ, अशी त्यांची कुरकुर चालली होती.

मुली जुळ्या. चेहरे असे की शेजारीपाजारी आजही गोंधळायचे. पण तोंड उघडलं की कुणी चुकत नसे. थोरली म्हणजे तोफ. धाकटी पाहुणे आले की दाराआड जायची. वर्गात तिची हजेरीसुद्धा थोरलीच देऊन टाकायची. नाटकाची सूचना आली तेव्हा धाकटीनं "मला पण करायचंय" असं एकदा पुटपुटून पाहिलं होतं. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं, बाळा," आई म्हणाली होती, अगदी मायेनं. मग थोरलीनं येऊन सेनापती झाल्याचं सांगितलं, आणि कुणालाच नवल वाटलं नाही.

आई तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर होती. सेनापतीचा लाल कोट तिनं सुट्टीच्या दिवशी स्वतः शिवला. बाईंचा निरोप आला होता, तलवारीचा पट्टा उजव्या बाजूला हवा. तलवार कधी उजवीकडे लटकते का? पण मास्तरणीशी कोण वाद घालणार, म्हणून आईनं निमूट उजवीकडे शिवला. थोरलीला घरी संवाद म्हणून दाखव म्हटलं, की ती "स्टेजवरच बघ" म्हणून पळायची. धाकटीच कधी जेवता जेवता एखादं वाक्य पुटपुटायची. बहिणीचं ऐकून ऐकून पाठ झालं असेल, असं आई समजायची.

आता बाईंना कळवावं तर सगळ्या पोरांचं नाटक बुडणार. आई डोकं धरून बसली. तेव्हा धाकटी पलंगापाशी आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मी जाते. मला सगळं येतं."

आईला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात पांघरुणातून खणखणीत आवाज आला, जाऊ दे ना तिला! तापातसुद्धा तोफ थंड होत नाही, असं बाबा म्हणाले.

मग ठरलं. बाईंना काही सांगायचं नाही. चेहरा तोच, कोट तोच, कोण ओळखतंय? बाबा थोरलीपाशी थांबतील, आई धाकटीला घेऊन जाईल. खोटेपणा आईच्या घशाखाली उतरत नव्हता, पण दुसरा इलाजही सुचत नव्हता.

सभागृह गच्च भरलेलं. आधी बालवर्गाचे ढग नाचले. त्यातला एक ढग मध्येच थांबून आपल्या आजीला हात करू लागला, आणि मागचे ढग त्याच्यावर आदळले. लोक पोट धरून हसले. आईला मात्र हसू फुटेना. आपण पोरीला बळीचा बकरा केलं. आज चारचौघांत तिची वाचा बसली, तर पुन्हा कधी ती तोंड उघडायची नाही. एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

नाटक सुरू झालं. राजानं लढाईचा हुकूम सोडला. सेनापती पुढे आली आणि गप्प उभी राहिली. आईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. मग सेनापतीनं डाव्या हातानं सपकन तलवार उपसली. झालं! धाकटी डावखुरी, आता बाई ओळखणार, म्हणून आई खुर्चीतून अर्धी उठली. पण धाकटीनं ती तलवार राजाच्या पायाशी ठेवली आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"महाराज, लढायला मी भीत नाही. पण ज्यांच्या घरी काल पाणी प्यायले, त्यांच्यावर ही तलवार उचलणार नाही."

 पुढचं लांबलचक भाषण तिनं कुठेही न अडखळता म्हटलं. राजा आपलं वाक्य विसरला, तर तेही तिनं हळूच त्याला सांगितलं. टाळ्या थांबेनात. आईचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरून ती म्हणाली, "माझी आहे ती."

शेवटी नावं पुकारली गेली. सेनापती म्हणून नाव आलं ते थोरलीचं. आणि ते काही आईला सोसेना. एवढं मैदान मारलं पोरीनं, आणि कौतुक दुसरीच्या नावावर? लाज गेली तरी बेहत्तर, असं म्हणत ती पडद्यामागे गेली. तिथे बाई धाकटीचं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण सोडवत होत्या.

"बाई, मी तुम्हाला फसवलं," आई म्हणाली. "थोरली घरी तापानं पडलीय. ही धाकटी. हिनं एकसुद्धा तालीम केलेली नाही."

बाईंचा हात थांबला. "नावाचं मला ठाऊक नाही, पण पहिल्या दिवसापासून हीच तर येतेय तालमीला. दुसरी खिडकीत बसून हिच्यासाठी टाळ्या वाजवते."

आईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं आईचं बोट धरलं.

"आई, बाबांना फोन कर ना. ताईला म्हणावं, आता उठलीस तरी चालेल."