फुकटची सुरमई

लेकीकडे कामोठ्याला आलेले साताऱ्याचे सयाजीराव जवळच्या दिवाळे या कोळीगावाची चैत्रातली जत्रा बघायला गेले आणि पालखी येईपर्यंत एका दारात सावलीला टेकले. तेवढ्यात घरातल्या जमुनाबाईंनी, "पावने, जेवल्याबिगर जायाचं नाय!" म्हणत त्यांना थेट पाटावर बसवलं. ओळख ना पाळख, आणि ताटात सुरमईवर सुरमई! गेल्या वर्षी असंच फुकट जेवू घालून एकाने त्यांच्या गळ्यात भरतीला बुडणारा प्लॉट मारला होता. त्यामुळे सयाजीराव काटे काढता काढता एजंट कुठून उगवतो ते बघत होते. हात धुताच त्यांनी ठणकावलं, "वहिनी, मी कुठंही सही करणार नाही!"

जमुनाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या, "अवो, तुमचा पावना असा काय बोलतो?"

"माझा? मना वाटलं, तुज्या म्हायेरचा हाय!"