मागची रांग

पंच्याऐंशी एमएमची लेन्स फोटोग्राफर गोरक्षने मुद्दाम स्टुडिओतच ठेवली आणि पस्तीसची घेऊन तो बोरी बुद्रुकला बारशाला आला. पस्तीसमध्ये अख्खं घर मावतं, मागच्या रांगेतला माणूसही स्वच्छ येतो. हे शहाणपण त्याला दोन वर्षं उशिरा सुचलं होतं.

पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. वर भिंतीवर या घरचे दिवंगत आजोबा संपतराव यांचा फोटो होता. गोरक्षने तिकडे पाहायचं टाळलं.

दोन वर्षांपूर्वी, संपतरावांची नात संस्कृती हिच्या लग्नात, पंच्याऐंशीची लेन्स नवीकोरी होती. एकट्या चेहऱ्यासाठी तिला तोड नाही. पण हौसेला मोल नसतं. पठ्ठ्याने तीच लावली, तिचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं आणि घरच्यांचा फोटो काढला. पुढची रांग लख्ख आली, मागची धुरकट. संपतराव मागे उभे होते. त्यांची बायको साळुबाई यांनीच तेव्हा सांगितलं होतं, "चिमाजी भावजींना पुढं बसवा. त्यांचा गुडघा लई दुखतोय."

दीड महिन्यात संपतराव गेले. कुणी मोबाईल समोर धरला की उठून जाणारा माणूस, दुसरा धड फोटो घरात नव्हता. साळुबाई स्टुडिओत आल्या. "गोरक्षा, लग्नातल्या फोटूतनं एक मोठा करून दे. भितीवर लावायला."

खरं सांगायला गोरक्षची जीभ रेटेना. चिमाजी हे संपतरावांचे पाठचे भाऊ. दोघे इतके सारखे, की बाजारात लोक एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत. गोरक्षने पुढच्या रांगेतला चिमाजींचा चेहरा उचलला, मिशा पांढऱ्या केल्या, फेट्याच्या जागी टोपी बसवली.

साळुबाईंनी फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला. "असाच पायजे व्हता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

त्या दिवसापासून गोरक्षला स्वतःची लाज वाटत होती. त्यात बाईंनी फोटोला हार म्हणून घातला नाही. रोज पदराने काच पुसायच्या, बस्स. नवरा गेला हे म्हातारीचं मन अजून मानत नाही, असं गावात बोलत. ते ऐकलं की गोरक्षला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

साळुबाईंचा मुलगा सुदर्शन चंदनाचा हार घेऊन आला.

"गोरक्षभाऊ, तुमी उंच हाय. आबांना एवढा हार घाला. नातीच्या लेकीचं बारसं हाय, आज तरी फोटू मोकळा नको."

खाली खुर्चीत खुद्द चिमाजी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते.

गोरक्षने हार हातात घेतला. सुदर्शन पाहुण्यांकडे वळला, तसा तो साळुबाईंजवळ वाकला.

"आजी, माझ्या हातनं पाप झालंय. ह्यो फोटू आबांचा न्हाई."

साळुबाईंनी त्याच्या हातातला हार काढून घेतला आणि पदराआड धरला.

"ठावं हाय. म्हणून तर हार घातला न्हाई कदी."

"मग बोलला का न्हाई, आजी?"

चिमाजी बाळाचं टोपडं सारखं करत होते. साळुबाईंनी तिकडे पाहिलं.

"गोरक्षा," त्या हळूच म्हणाल्या, "भावजींचा गुडघा कदी दुखलाच न्हाई."